प्रश्नचिन्ह कुठे गेलं?

प्रभादेवीत राहणाऱ्यांना कॅन्सर हा शब्द परका नाही. रेल्वेचे रूळ ओलांडले की परळ, आणि परळमध्ये १९४१ सालापासून टाटा हॉस्पिटल. आसाम, बिहार, बंगालहून आलेली माणसं फाइल छातीशी धरून रस्ता विचारतात आणि आमच्या भागातलं शाळकरी पोरही त्यांना केईएमची खूण सांगून वाटेला लावतं. आजाराबद्दल, उपचारांबद्दल, पथ्याबद्दल या पानांवर पुष्कळ लिहून येतं. आम्हाला लिहायचं आहे ते आजाराच्या नोंदीबद्दल. विम्याच्या कागदावर कॅन्सर लिहिला म्हणजे तो असतोच का? आणि लिहिला नाही म्हणजे नसतोच का? आमच्या घरात हे दोन्ही सवाल एका वर्षाच्या अंतराने उभे राहिले, म्हणून आम्ही तिघा भावंडांनी मिळून हे लिहायला घेतलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विमा जायज की नाजायज हा सवाल उलेमांकडे न्यावा, तो आमचा प्रांत नाही. नोकरीमुळे म्हणा, सरकारी योजनेमुळे म्हणा, ज्यांच्या हातात कार्ड आधीच आलेलं आहे त्यांच्यासाठी हे आहे.

आमची धाकटी खाला पन्नाशीची. डाव्या बाजूला गाठ लागली. दुखतही होती, वरची कातडी लाल झालेली. सर्जनने तपासलं, सोनोग्राफी केली आणि कागदावर लिहिलं, ‘सीए ब्रेस्ट’, आणि त्याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह. म्हणजे शंका आहे, तुकडा काढून तपासू या. बायोप्सीसाठी एक दिवस दाखल व्हायचं होतं. खालू कॅशलेसच्या काउंटरवर गेले. तिथला मुलगा भला होता. त्याने खालूंना खुर्ची दिली, फॉर्म स्वतःच भरला. विमा कंपनीकडे मंजुरीसाठी जो फॉर्म जातो त्यात आजाराचा कोड लागतो. कोडच्या चौकटीत प्रश्नचिन्ह बसत नाही. त्याने ‘सी ५०.९’ टाकलं. तासाभरात मंजुरी आली म्हणून खालूंनी त्याला दुआ दिली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. ‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस’ असं लांबलचक नाव होतं. स्तनाला येणारी एक सूज, जी बाहेरून आणि कधी कधी सोनोग्राफीतही हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. औषधं चालली, काही महिन्यांत गाठ गेली. खालाने शुक्राच्या दोन रकात पढल्या, बिल्डिंगमध्ये शिरकुर्मा वाटला, आणि आम्हाला वाटलं विषय मिटला.

पुढच्या वर्षी खालाच्या मुलाने पॉलिसी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत न्यायचं ठरवलं. याला ‘पोर्ट’ करणं म्हणतात. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून दाव्यांचा इतिहास मागवते. इतिहासात होतं सी ५०.९. नव्या कंपनीतून फोन आला, “मॅडम, तुम्हाला कॅन्सर होता ते तुम्ही फॉर्ममध्ये लपवलंत.” खाला म्हणाली, “जो झालाच नाही तो लपवू कुठं, बाळा?”

इथून चार महिन्यांची पायपीट. सर्जन म्हणाले, मी प्रश्नचिन्ह काढलं होतं, हे बघा. हॉस्पिटल म्हणालं, फॉर्म मंजुरीसाठी होता, निदान तर डिस्चार्जच्या कागदात आहे. डिस्चार्जच्या कागदात काय होतं? ‘बायोप्सी रिपोर्टची प्रतीक्षा.’ कारण खाला घरी आली तेव्हा रिपोर्ट आलेलाच नव्हता. रिपोर्ट आल्यावर त्याची प्रत विमा कंपनीकडे कोणी पाठवत नाही. पैसे मिळालेले असतात, दावा बंद झालेला असतो. त्यात कुणाची बदमाशी नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं, आणि त्या सगळ्या बरोबर कामांतून एका बाईला कागदोपत्री कॅन्सर झाला.

याच दरम्यान खालाच्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. आपल्यात कुंडली पाहत नाहीत, पण घरातले आजार मात्र विचारतात. मुलाच्या आईने अदबीनेच विचारलं, “ते कॅन्सरचं काय झालं होतं?” त्यांना कुणी सांगितलं हे आजतागायत कळलं नाही. खालाने उठून रिपोर्टची प्रत त्यांच्या हातात दिली. बात तिथेच संपली, अल्हम्दुलिल्लाह. पण रिपोर्ट हरवला असता तर? हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आता हा कोड काय प्रकार आहे ते पाहू, कारण सगळं त्यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची एक यादी केली आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीला ‘आयसीडी १०’ म्हणतात. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि आकडे. सी ०० ते सी ९७ हे सगळे कॅन्सर. त्यात सी ५० म्हणजे स्तनाचा, आणि पुढचा ९ म्हणजे नेमका कोणत्या भागात ते सांगितलेलं नाही. स्तनात गाठ आहे पण कसली ते माहीत नाही, यासाठी वेगळा कोड आहे, एन ६३. स्तनाच्या सुजेला एन ६१. कॅन्सर नसलेल्या गाठींना डी अक्षराचे कोड. म्हणजे शंका लिहायची सोय यादीत आहे. काउंटरवरच्या मुलाने एन ६३ लिहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच्यापुढे सर्जनची चिठ्ठी होती, तीत ‘सीए’ होतं, आणि मागे रांग होती.

मुळात विम्याचा कागद पैसे मिळवण्यासाठी लिहिला जातो. तो खोटा असतो असं नाही. पण त्याला विचारलेला सवाल असतो, ‘हा खर्च का करायचा?’ आपण नंतर त्याला वेगळाच सवाल विचारतो, ‘या माणसाला काय झालं होतं?’

ही गोष्ट आमच्या दादांच्या काळापासूनची आहे. दादा गिरणीत होते, आणि गिरणी कामगाराचा विमा म्हणजे ईएसआय. १९४८ सालचा कायदा, मुंबईत १९५४ पासून लागू झालेला. त्यात आजाराच्या नावाला थेट पगाराची किंमत आहे. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण ३४ लांबच्या आजारांची एक यादी आहे, त्यात टीबी आहे, कॅन्सर आहे. त्यातलं नाव सर्टिफिकेटवर असेल तर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. दादा सांगायचे की दवाखान्यात कामगार आपला आजार डॉक्टरला सांगण्याआधी सर्टिफिकेटवर काय येणार ते विचारायचा. घरात पाच तोंडं खाणारी असली की विचारणारच.

आता उलटी बाजू. अब्बांचे एक जुने दोस्त होते, आम्ही त्यांना चाचाच म्हणायचो. त्यांना आतड्याचा कॅन्सर होता. निदान एका खासगी लॅबमध्ये झालं. तो खर्च बाह्यरुग्ण म्हणून, खिशातून दिलेला, म्हणजे विम्यात त्याची नोंदच नाही. पुढे तीन वेळा दाखल झाले. एकदा रक्त कमी झालं म्हणून, तर दोनदा आतडं अडलं म्हणून. तिन्ही दाव्यांत तेच लिहिलं, रक्तक्षय आणि आतड्याचा अडथळा. तेही खरंच होतं, त्या त्या वेळी उपचार त्याचेच झाले. केमो घ्यायची नाही असं चाचांनी ठरवलं होतं. चार लोकांत नाव लागेल ही भीतीही त्यात होती, आम्ही ओळखून होतो. फजरच्या सुमारास घरीच गेले. मय्यत घरात असली की आपली घाई सगळ्यांना माहीत आहे. जोहरच्या नमाजनंतर दफन करायचं ठरलं, ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलं, आणि त्यांनी मृत्यूच्या कारणात लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून. घरी झालेल्या मृत्यूसाठी जो फॉर्म आहे त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागचा मूळ आजार यांच्यासाठी वेगवेगळ्या ओळी असतात. मूळ आजाराची ओळ रिकामी राहिली. कब्रस्तानात चिठ्ठी घेणाऱ्याला ती रिकामी आहे की भरलेली याच्याशी काय?

म्हणजे हिशेब असा झाला. विम्याच्या दप्तरात आमच्या खालाला कॅन्सर होता आणि चाचांना नव्हता.

हा सवाल फक्त आमच्या घराचा नाही. जगभर विम्याच्या दप्तरांवरून कॅन्सर मोजायचा मोह होतो, कारण ती दप्तरं आयती तयार असतात आणि त्यांत लाखो माणसं असतात. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. तिथल्या अभ्यासकांनी १९९१ साली त्याच्या नोंदी कॅन्सर रजिस्ट्रीच्या नोंदींशी पहिल्यांदा जोडल्या. एकाच माणसाबद्दल दोन दप्तरं काय म्हणतात ते समोरासमोर ठेवून पाहता येऊ लागलं. दिसलं ते असं. ज्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं तो विम्यात बऱ्यापैकी सापडतो. आजार कोणत्या टप्प्यावर होता ते दाव्यातून नीट कळत नाही, आणि एकदा बरा होऊन परत आला का, हेही नाही. तपासणीसाठी टाकलेला कोड आणि खरं निदान यांची गल्लत होते. म्हणून अनेक अभ्यासक एक चाळणी लावतात. कॅन्सरचा कोड एकदाच दिसला तर धरायचा नाही, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिसला तरच धरायचा. या चाळणीतून खाला सुटली असती. तिच्या नावावर सी ५०.९ एकदाच आहे. चाचांना मात्र कोणतीच चाळणी शोधू शकत नाही, कारण कोडच नाही. तैवानने वेगळी वाट धरली. तिथे १९९५ पासून सगळ्यांना एकच राष्ट्रीय विमा आहे आणि कॅन्सरसारख्या मोठ्या आजाराचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. ते मिळालं की रुग्णाला आपला वाटा भरावा लागत नाही. पण ते देण्याआधी कागदपत्रं तपासली जातात. पैसे आणि पुरावा एकाच जागी बांधल्यामुळे तिथल्या नोंदीवर जास्त भरवसा ठेवता येतो.

आपल्याकडेही असं थोडं घडलं आहे, आणि आमच्या घरापासून लांब नाही. वरळीला ईएसआय हॉस्पिटलच्या आवारात जीवनदायी भवन आहे. तिथून राज्याची आरोग्य योजना चालते. २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, मुंबई त्या आठांत होती, आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना. या योजनेत कॅन्सरच्या उपचाराला मंजुरी हवी असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. त्यामुळे तिथे कॅन्सर म्हणून लिहिलेला माणूस बहुधा खरोखरच कॅन्सरचा रुग्ण असतो. पण ती नोंद उपचारांची असते. केमोच्या सहा फेऱ्या म्हणजे सहा नोंदी. पहिल्या दाव्याची तारीख ही निदानाची तारीख नसते, निदान त्याआधी कधीतरी, खिशातल्या पैशांनी झालेलं असतं. आणि ज्याने चाचांसारखे उपचार घेतलेच नाहीत, तो त्यात कधी येणारच नाही.

मग खरी मोजणी कोण करतं? तेही परळच्याच आसपास सुरू झालं. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री काढली. शहराच्या सगळ्या वस्तीची नोंद ठेवणारी ही देशातली पहिली. पुढे १९८१ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला खेड्यांसाठीची पहिली रजिस्ट्री उभी राहिली. रजिस्ट्रीची पद्धत आम्हाला फार आवडली, कारण ती कुणी कागद पाठवील म्हणून वाट पाहत बसत नाही. तिची माणसं स्वतः हॉस्पिटलांत जातात, लॅबमधली रजिस्टरं पाहतात, महापालिकेच्या मृत्यूनोंदी चाळतात. चाचा कुठे सापडले असतील तर त्या खासगी लॅबच्या रजिस्टरमध्येच. शिवाय नियम आहे की रुग्ण किमान एक वर्ष या शहरात राहणारा हवा. टाटाच्या बाहेर फूटपाथवर नंबर लावून बसलेला बिहारी रुग्ण टाटाचा आहे, पण मुंबईच्या आकड्यांतला नाही. आणि रजिस्ट्री स्वतःचीही तपासणी करते. किती रुग्णांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालं, आणि कितीजण केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळले. हा दुसरा आकडा जितका कमी तितकं काम चोख.

सगळ्यात किचकट काम म्हणे एकाच माणसाच्या नोंदी जुळवण्याचं. तोच रुग्ण केईएममध्ये, टाटात, मग मृत्यूनोंदीत, तीन वेळा येतो. नाव, वय, पत्ता जुळवून तिघांचा एक करायचा. इथे आपल्या घरांनी जरा लक्ष द्यावं. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद, नुसतं ‘मो.’, आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं. बाईचं नाव एका कागदावर बापाच्या नावाने तर दुसऱ्यावर नवऱ्याच्या. कुठे बी, कुठे बानो, कुठे खातून. जन्मतारीख विचारली तर अंदाजे १ जानेवारी किंवा १ जून. असा माणूस कागदावर एकाचे दोन होतो, किंवा दुसऱ्याच कुणात मिसळून जातो. आमच्या खालाची नावं मोजली तर चार निघाली. पैकी दोन तिने स्वतः कधी ऐकलीही नव्हती.

खालाच्या प्रकरणातून आम्ही जे शिकलो ते कामाचं आहे म्हणून सांगतो. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट जपून ठेवा. मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचेच्या स्लाइड लॅबकडून मागून घेता येतात. दुसऱ्या हॉस्पिटलला पुन्हा तपासायचं झालं तर तेच लागतात. कॅशलेसचा फॉर्म जाण्याआधी त्यातला निदानाचा रकाना आणि कोड वाचून घ्या, समजत नसेल तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात बेअदबी नाही. रिपोर्ट यायचा असताना घरी सोडलं, तर रिपोर्ट आल्यावर डिस्चार्जच्या कागदाला पुरवणी जोडून मागा आणि तिची प्रत विमा कंपनीला लेखी पाठवा, पोच घ्या. आणि घरात मृत्यू झाला तर कितीही घाई असली तरी डॉक्टरांपुढे जुनी फाइल ठेवा. दोन मिनिटं लागतात, आणि मूळ आजाराची ओळ भरली जाते. तो आजार पुढच्या पिढीच्या डॉक्टरलाही माहीत व्हायला हवा असतो, विशेषतः स्तनाचा किंवा आतड्याचा असेल तर.

आजार लपवल्याच्या कारणावरून दावाच नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य पॉलिसी सलग ६० महिने चालली की कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पोर्ट करताना जुन्या कंपनीतला हा काळ वाया जात नाही, म्हणून पॉलिसी मधेच सोडून नवी घेण्याची घाई करू नये.

आता तर या नोंदी एकमेकींना जोडल्या जात आहेत. २०२१ पासून आभा नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक मिळतो, त्याला हॉस्पिटलचे कागद जोडता येतात. सोय मोठी आहे, टाटाच्या रांगेत फाइल छातीशी धरून उभ्या राहणाऱ्याला विचारा. पण बरोबर कागद जितक्या लवकर पोहोचेल तितक्याच लवकर चुकीचाही पोहोचेल. २०२३ च्या डिजिटल माहितीविषयीच्या कायद्यात आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो मागावा लागेल, आपोआप मिळणार नाही.

खालाचं काय झालं? सर्जनने लेखी दिलं की शंका होती, कॅन्सर निघाला नाही. हॉस्पिटलने डिस्चार्जच्या कागदाला पुरवणी दिली. नव्या कंपनीने ती दोन्ही पत्रं आणि बायोप्सीचा रिपोर्ट पाहून पॉलिसी घेतली, जादा हप्ता न लावता. जुन्या कंपनीकडून मात्र एवढंच पत्र आलं की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. त्यांच्या दप्तरातला कोड बदलला की नाही, ते त्यात लिहिलेलं नाही. खालाच्या मुलाने गेल्या आठवड्यात पुन्हा पत्र टाकलं आहे. या वेळी रिपोर्टची प्रत जोडून, आणि खालाच्या आग्रहावरून तिचं नाव आधारवर आहे तसंच, एकाच स्पेलिंगमध्ये लिहून.